उघडी वही वाचणार कोण?

पावशेर मिरच्या घेतांना आपण चार ठिकाणीं भाव विचारतों. परंतु आपल्याच कराच्या पैशांतून गांवचा रस्ता होऊं लागला म्हणजे तो कोणास, किती दरानें व कोणत्या अटींवर दिला, याची चौकशी आपण करीत नाहीं. पूर्वीं या उदासीनतेस सबब होती. निविदेची जाहिरात एखाद्या अप्रसिद्ध पत्राच्या कोपऱ्यांत यावी, कोरे अर्ज संपले म्हणून सांगावें, पेटीपाशीं दांडगे लोक उभे राहून दुसऱ्याचें पाकीट आंत पडूं देऊं नये, असे प्रकार होत.

ती सबब आतां फारशी उरलेली नाहीं. दक्षिण कोरियानें 2002 मध्यें सरकारी खरेदी संगणकावर आणली. युक्रेनमध्यें 2014 च्या क्रांतीनंतर कार्यकर्त्यांनीं 'प्रोझोरो' ही व्यवस्था उभारली आणि 2016 मध्यें ती सरकारी खरेदीस सक्तीची झाली. लिलाव संपतांच कोणी काय बोली केली हें सर्वांस पाहतां यावें, हें तिचें मुख्य सूत्र. आपल्याकडे केंद्राचा 'जेम' बाजार ऑगस्ट 2016 मध्यें सुरू झाला. आणि 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनीं, कांहीं अपवाद वगळतां, निविदा संगणकावर प्रसिद्ध करणें व तेथेंच स्वीकारणें केंद्रीय खात्यांस बंधनकारक केलें. महाराष्ट्र सरकारच्या निविदाही अशाच निघतात.

या पद्धतीचे गुण खरे आहेत. ठेकेदार घरबसल्या दर भरतो व त्यावर संगणकीय स्वाक्षरी करतो. दर सांकेतिक लिपींत बंद राहतो, आणि प्रत्येक क्रियेची वेळ नोंदली जाते. ही नोंद निरुपयोगी नव्हे. 2018 मध्यें मध्यप्रदेशांत जल निगमाच्या कांहीं निविदांतील दर फिरविल्याचा संशय अशाच नोंदींवरून आला व 2019 मध्यें गुन्हा दाखल झाला. कागदी पाकीट बदललें असतें, तर तेवढाही माग राहिला नसता.

तथापि यंत्र पाकिटाची राखण करतें, अटींची नव्हे. वस्तूचें वर्णन असें लिहावें कीं एकाच कारखान्याचा माल त्यांत बसेल. लहानशा कामास मोठी उलाढाल मागावी. मोठ्या कामाचे तुकडे करून तें मर्यादेखालीं आणावें. तिघांनीं आधींच संगनमत करून तीन दर भरावे. हें सारें यंत्रास नियमांत बसलेलेंच दिसतें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्रव्यापहाराचे चाळीस प्रकार सांगितले असून काळ, किंमत, वजन व माप यांतील लबाडी त्यांत गणिली आहे. सारांश, एक दार लावल्यानें घर सुरक्षित होत नाहीं. उलट 'सर्व कांहीं संगणकावर झालें' हें वाक्यच निर्दोषत्वाचें प्रमाणपत्र म्हणून पुढें केलें जाईल, ही आम्हांस अधिक भीति वाटते.

कोणी म्हणतील, लेखापरीक्षक आहेत, आम्हीं कशास शिणावें? लेखापरीक्षक बहुधा पैसा गेल्यावर येतो. नागरिक आधीं येऊं शकतो. युक्रेनमध्यें हें ओळखून 2016 मध्येंच 'डोझोरो' नांवाची जोड दिली गेली. संशयास्पद खरेदीकडे लोकांनींच बोट दाखवावें, हा तिचा हेतु.

आपणांस एवढें सहज करतां येईल. आपल्या पेठेंतील एकच काम निवडावें. निविदा भरण्यास किती दिवस दिले, अटी कोणत्या घातल्या, कितीजणांनीं दर भरले, कोणास कोणत्या कारणानें अपात्र ठरविलें, हें पाहावें. जें तेथें दिसत नाहीं, तें 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपयांच्या अर्जावर मागावें. मग रस्ता झाल्यावर तो पायांनीं चालून पाहावा, कारण डांबराची जाडी कोणत्याही संगणकांत दिसत नाहीं.

निवृत्त मंडळींस वेळ आहे, घरांतील मुलांस यंत्र येतें. दोघांनीं आठवड्यांतून एक तास एकत्र बसावें. सरकारनें वही उघडून ठेविली आहे. ती वाचली जात आहे, एवढें कळलें तरी लिहिणारा हात जपून चालेल.