पटक्याची गोधडी

सुरतेच्या पूर्वेस, बारडोलीच्या वाटेवर आमचे पर्वत पाटिया आहे. नाव ऐकून येथे डोंगर शोधणारा पाहुणा हमखास फसतो. पर्वत हे जवळच्या जुन्या गावाचे नाव, आणि पाटिया म्हणजे त्या गावाकडे वळण्याच्या जागी रस्त्यावर उभी असलेली पाटी. गाव शहरात केव्हाच मिसळले. पाटीचे नाव मात्र टिकून राहिले. दिवसभर या नाक्यावरून कापडाच्या गाठोड्यांनी लादलेले टेम्पो धावत असतात आणि त्यांच्या गलक्यात बोललेले शेजारच्यालाही ऐकू येत नाही.

हाच रस्ता पुढे कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड करीत नवापूरला महाराष्ट्रात शिरतो आणि कोंडाईबारीचा घाट ओलांडून साक्रीस जातो. माझ्या सासूबाईंचे माहेर त्या साक्री तालुक्यातले, पांझरेच्या काठचे, ठेलारी धनगरांचे. लग्न होऊन त्या सुरतेत आल्या त्यास चाळीसहून अधिक वर्षे झाली. सासरे लूमच्या खात्यात कामाला होते. तरी आजही गच्चीवर गेल्या की त्या प्रथम या रस्त्याच्या पूर्वेकडील टोकाकडे पाहतात. पावसाचा अंदाज घेत असतील, असे मी पुष्कळ वर्षे समजत होते.

२०२५ च्या जूनमध्ये सुरतेत अतोनात पाऊस झाला. आमच्या भागातील मिठी खाडीला पूर आला आणि तळमजल्यातील आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरले. पलंगाखालची लोखंडी पेटी दोन दिवस त्या पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तेव्हा सासूबाईंच्या आईची चार सुती लुगडी आणि त्यांच्या वडिलांचा लाल पटका असा ऐवज निघाला. लुगडी धुऊन कडक उन्हात टाकली. दोन तर वाळतानाच घडीवर फाटली. आता यांचे काय करायचे, हा प्रश्न होता. पुन्हा पेटीत ठेवली असती, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत चिंध्याच उरल्या असत्या.

"गोधडी शिवू," सासूबाई म्हणाल्या. माझी धाकटी मुलगी त्या वर्षी शिक्षणासाठी धुळ्याच्या वसतिगृहात राहावयास जाणार होती, आणि धुळ्याची थंडी खानदेशातील माणसाला सांगायला नको.

गोधडी शिवणे वाटते तितके सोपे नाही. जमिनीवर एक लुगडे ताणून पसरायचे, त्याच्या चारी कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवायच्या. आमच्याकडे दोन कोपऱ्यांवर पाटा आणि वरवंटा आला, उरलेल्या दोहोंवर नातीची पुस्तके! त्यावर जुन्या कापडाचे थर, फाटलेल्या जागी ठिगळे, आणि सर्वांत वर चांगले लुगडे. मग कडेपासून धावदोरा घालीत, चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत यायचे. थर घसरला की सुरकुती पडते आणि ती जन्मभर अंगाला टोचते. शेजारच्या मारवाडी काकूंनी मायेने साड्यांचे पुष्कळ तुकडे आणून दिले. त्यांच्याकडे हिला गूदडी म्हणतात आणि गुजराती शेजारीण गोदडी म्हणते, त्यामुळे आम्हा तिघींचे काम एकाच शब्दावर भागले. पण ते तुकडे पॉलिएस्टरचे. सुईखाली ते निसटतात, घाम टिपत नाहीत, आणि धुऊन मऊही होत नाहीत. ज्या शहरात कापडाला तोटा नाही, तेथे गोधडीजोगे जुने सुती कापड मिळू नये, याचे मला नवल वाटले. शेवटी एक थर कमी पडला. पटका तेवढा बाकी होता.

त्याला कात्री लावण्याचे धैर्य मला होईना. ती एकच वस्तू त्या माणसाची आमच्या घरात होती. मी म्हटले, "आत्याबाई, एवढा राहू द्या. काचेच्या चौकटीत लावू." त्यांनी माझ्या हातातील कात्री घेतली नाही, उलट पटक्याचे टोक माझ्या हातात दिले. "काप माय. हाऊ पटका शे, देव नही."

मग कापताना, टाके घालताना त्या कित्येक दिवस बोलत राहिल्या. पावसाळा गावी काढून दिवाळीनंतर वाडा निघे. पुढे मेंढरे, मागे घोडी. घोडीच्या पाठीवर आधी गोधड्यांची घडी, तिच्यावर भांडी, पिठाचा डबा, बांधलेल्या कोंबड्या आणि सर्वांवर चालता न येणारे पोर. लहानपणी त्या पोराच्या जागी सासूबाई असत. रात्री शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेई. लेंडीखत त्याला आणि धान्य यांना. थंडीत नुकतेच जन्मलेले कोकरू वडील पटक्यात गुंडाळून छातीशी बांधीत. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, याचे आपल्याला कौतुक. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या मेंढरांना पाटी वाचता येत नव्हती."

१९७२ च्या दुष्काळाने हे संपले. चारा नाही, पाणी नाही. वडिलांनी कळप मिळेल त्या भावाने विकला आणि दुष्काळी कामावर खडी फोडू लागले. मुलांना तेथे सुकडी मिळे. मेंढरे घेऊन व्यापारी निघाला, तेव्हा पुढचा बकरा दोनदा मागे वळला, एवढेच सासूबाईंनी सांगितले आणि दोरा ओवण्यासाठी सुई माझ्याकडे दिली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना सुईचे नेढे दिसत नाही, हे खरे. त्या दिवशी कारण तेवढेच होते की नाही, मी विचारले नाही.

कन्येला प्रथम ही गोधडी नकोच होती. मैत्रिणी हसतील, पिशवीत मावणार नाही, बाजारात हलके ब्लँकेट मिळते, असे तिचे म्हणणे. आणि तिचे अगदीच चुकीचे होते असे नाही. आजीने वाद घातला नाही. शेवटचा चौकोन उरला तेव्हा सुई तिच्याकडे दिली. तिचे टाके वाकडे पडले, लांब पडले. मी उसवू लागले, तर सासूबाईंनी हात धरला. अगदी मध्ये बोटभर जागा राहिली होती, तेथे त्यांनी भाकरीचा सुकवलेला तुकडा ठेवला आणि वरून शिवून टाकले. गोधडी उपाशी ठेवू नये, असे त्यांची आई म्हणे. पटका आतल्या थरात गेला; बाहेरून तो दिसत नाही.

धुळ्याची बस संध्याकाळी नाक्यावरून सुटली. रात्री उशिरा मुलीचा फोन आला, "आजी, कोंडाईबारीचा घाट लागला." सासूबाई अंथरुणात उठून बसल्या.

"बाहेर काय दिसते?"

"काही नाही ग, अंधार आहे."

"बरे, मी सांगते," असे म्हणून त्या सांगू लागल्या.