थर्मास

आमचं घर पळस्पे फाट्याच्या मागं. सरळ गेलं की पुणं, उजवीकडं वळलं की गोवा. जाणारे गेले, आम्ही तिथंच राहिलो.

१९७५ साली, अकराव्या वर्षी, मला मधुमेह निघाला. न्हाणीच्या कडेला मुंग्या जमतात हे आजीनं आधी पाहिलं, डॉक्टरांनी नंतर. पनवेलच्या डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं आणि म्हणाले, गार जागी ठेवा. घरात फ्रिज नव्हता. आईनं ओल्या वाळूत मडकं बसवलं आणि मडक्यात कुपी ठेवली. इन्सुलिन तेव्हा गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. आजी माळकरी. तिला हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

मडकं काही एसटीत नेता येत नाही. गणपतीला महाडला मामाकडं जायचं म्हणून बाबांनी ईगलचा थर्मास आणला, तळेगावच्या कारखान्यातला. बर्फ मिळायचा पनवेलच्या मासळीबाजारात, त्यामुळं माझ्या औषधाला कायम बोंबलाचा वास. पहिल्याच खेपेला कुपी बर्फाला टेकून गोठली. वितळल्यावर आत रव्यासारखे कण दिसले, ती फेकावी लागली. इन्सुलिन उकाड्यानं हळूहळू मरतं, गोठलं की एका रात्रीत. तेव्हापासून आई कुपीला फडकं गुंडाळायची, मगच थर्मासात.

साखर तेव्हा आम्ही रंगात मोजायचो. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी स्टोव्हवर. निळंच राहिलं तर आई हसायची. हिरवं, पिवळं होत होत विटकरी झालं की बोलणं बंद. शेजारच्या पातेल्यात काचेची सिरिंज उकळत असायची. पुढं आकडे आले, बारीक सुया आल्या, मडकं गेलं. थर्मास राहिला. आतली काच तीनदा बदलली.

जानेवारी २०१४ मध्ये लेकीकडं लंडनला गेले. राणीचं लंडन नव्हे, कॅनडातल्या ऑन्टारिओतलं. कुपी हातातल्या पिशवीत घेतली, कारण विमानाच्या पोटात सामान गोठू शकतं, आणि गोठण्याचा धडा मी महाडच्या वाटेवरच घेतला होता. घड्याळ साडेदहा तास मागं गेलं, म्हणजे माझा तो दिवस साडेचौतीस तासांचा. सुई कधी टोचायची ते डॉक्टरांनी कागदावर मांडून दिलं होतं. शेजारचे गृहस्थ सिनेमे बघत होते, मी कागद बघत होते.

तिकडं माझं ग्लुकोमीटर बंद पडलं. लेकीनं तिथलं आणलं, त्यात दिसलं ६.२. मला घाम फुटला. मग कळलं, ही मंडळी मिलिमोलमध्ये मोजतात, आकड्याला अठरानं गुणायचं. गुणलं. एकशे बारा. म्हणजे आईच्या भाषेत निळंच.

खरा धोका वेगळाच होता. आणलेली कुपी न्हाणीघराच्या फरशीवर फुटली. फार्मसीतून नवी घेतली. देताना तिथल्या पोरीनं सहज विचारलं, सिरिंज कोणती आहे? मी माझी लाल टोपीची दाखवली. तिनं कुपी परत मागं ओढली. आपल्याकडं कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तिकडं १००. माझ्या सिरिंजवर वीसच्या रेघेपर्यंत ओढलं असतं तर अंगात गेले असते पन्नास. झोपेत साखर उतरली असती आणि सकाळी मला उठवायला कुणी आलंच असतं तर उशीर झाला असता. जवळजवळ चाळीस वर्षं सुई टोचली तरी माणूस एका प्रश्नावर वाचतो. तिनं शंभराच्या सिरिंजही दिल्या.

त्याच गावात इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचं घर आहे. ३१ ऑक्टोबर १९२० ला पहाटे दोन वाजता तो जागा झाला आणि वहीत पंचवीस शब्द लिहून ठेवले. पुढच्या वर्षी टोरांटोत बेस्ट या सहकाऱ्याबरोबर प्रयोग झाले, आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिली सुई दिली गेली. ज्या खोलीत बँटिंग झोपला होता ती पाहताना मला त्याच्यापेक्षा आईचं मडकं आठवत होतं. त्याचं कौतुक जगानं केलं, ठीकच आहे. वाळू ओली ठेवणाऱ्या बायांचा पुतळा कुठं नाही.

बाहेर बँटिंगच्या पुतळ्याजवळ एक ज्योत आहे. १९८९ साली ब्रिटनच्या राजमातेनं पेटवली. या रोगावर कायमचा उपाय सापडेल त्या दिवशी ती विझवायची आहे. बर्फ कमरेपर्यंत साचला होता. माझ्या पिशवीत थर्मास होता आणि त्यात लोकरीच्या मोज्यात घातलेली कुपी. आयुष्यभर बर्फ घालून गार राखली, आता थंडीपासून जपायची होती. लेक म्हणाली, आई, चल, गोठशील.

थर्मास आता पळस्प्यात आहे, चहाला. तुम्ही परदेशी निघाला असाल आणि सुई घेत असाल, तर कुपीवरचा आकडा वाचा, सिरिंजवरचाही वाचा. दोन्ही एकच हवेत.