बाळंतिणीची खिडकी

बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडावी कीं नाहीं, एवढ्याशा प्रश्नावरून मीं व माझ्या लेकीनें एकमेकींशीं तीन दिवस अबोला धरला होता, हें आतां सांगावयास हरकत नाहीं. गोष्ट 2018 सालच्या डिसेंबरांतली आणि स्थळ जर्मनींतील श्टुटगार्ट शहर. पहिल्या बाळंतपणाला मुलीनें माहेरीं यावयाचें, ही आपली रीत. पण तिची नोकरी, तिकडला विमा, लांबचा प्रवास यांचा मेळ बसेना, तेव्हां माहेरच उठून लेकीकडे गेलें. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, ओवा, वावडिंग आणि माझ्या आईच्या खणाची शिवलेली कुंची, एवढें सामान घेऊन मी निघालें.

आमचें गांव बुलढाणा जिल्ह्यांतील वडनेर भोलजी. मलकापुराहून नांदुऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें. वऱ्हाडचा उन्हाळा सर्वांस ठाऊक असतो. पौषांतली आमची थंडी मात्र बाहेरच्यांस ठाऊक नसते. कपाशीच्या मोकळ्या रानांवरून उत्तरेचें वारें सुटलें म्हणजे कांहीं रात्रीं पारा दहा अंशांखालीं उतरतो आणि गल्लोगल्लीं पऱ्हाट्यांच्या व तुराट्यांच्या शेकोट्या पेटतात. तरी आमचीं माणसें थंडीला भीत नाहींत. भितात तीं वाऱ्याला. कानाला वारा लागला, पाठींत वारा भरला, बाळंतिणीला वारा बाधला! म्हणून बाजेखालीं शेगडी, दाराला जाड पडदा, कानांत कापूस, आणि खिडकीच्या फटींत चिंध्या.

माझें पहिलें मूल सव्वा महिन्याचें असतां अशाच एका पौषांत छाती भरून गेलें. त्या रात्रीं खिडकीची एक फळी उघडी राहिली होती. तें जंतूंमुळें झालें, खिडकीमुळें नव्हे, असें डॉक्टरांनीं पुढें पुष्कळ समजावलें, आणि बुद्धीला तें पटलेंहि. परंतु त्यानंतर चाळीस वर्षें मी रोज रात्रीं एकदां उठून घरांतल्या सगळ्या खिडक्या चांचपून पाहत आलें आहें. हें लेकीला मीं कधींच सांगितलें नव्हतें.

जर्मनींत बाळंतीण इस्पितळांतून घरीं आली म्हणजे सुईण घरीं येते. पहिले दहा दिवस तर रोज येऊं शकते, आणि तिचा खर्च आरोग्यविमा सोसतो. ही योजना मला फार आवडली. सुईण मात्र आवडली नाहीं. पहिल्याच दिवशीं तिनें बाळाच्या डोक्यावरची कुंची काढून माझ्या हातांत दिली, गरम पाण्याच्या नळ्यांच्या पेटीची कळ फिरवून ऊब कमी केली, बाळाला शेजारच्या खोलींत न्यावयास सांगितलें, आणि खिडकीचीं दोन्ही दारें सताड उघडलीं. बाहेर बर्फ पडत होतें! पांचएक मिनिटांनीं तिनें खिडकी पुन्हां लावली. याला तिकडे ‘श्टोसल्युफ्टन’ म्हणतात; एकदम वारा घेणें, असा त्याचा भावार्थ. दिवसांतून दोनतीनदां हें करावयाचें, भर हिवाळ्यांतहि.

तिचें सांगणें असें कीं, बाळाच्या निजण्याच्या खोलींत सोळा ते अठरा अंश ऊब पुरे. घरांत निजतांना टोपी नको, कारण तान्हें मूल अंगांतली जास्तीची ऊब डोक्यावाटें सोडतें; आणि झोपेंत मूल अति तापणें मोठ्या धोक्याचें असतें. पांघरूण नको, तें तोंडावर येतें. अंगाला बेताची, बिनबाह्यांची झोपण्याची पिशवी घालावी आणि उताणें निजवावें. लेकीनें सारें मान्य केलें. सुईण जिना उतरते न उतरते तों मीं पेटीची कळ होती तेथें आणून ठेवली. तेव्हांपासून अबोला. जांवयांशीं बोलावें तर ते सज्जन, दोघींचेंहि खरें म्हणणारे.

अबोला सुटला तरी माझा हट्ट सुटला नाहीं. लेक निजली कीं तिनें उघडलेली खिडकी मी लावीत असें. बाळाचीं दुपटीं घरांतच दोरीवर वाळत, चुलीवर ओव्याचें पाणी उकळे, न्हाणीघरांतून वाफेचे लोट येत. घर कसें उबदार वाटे! तिसऱ्या आठवड्यांत दुपट्यांचें कपाट जरा पुढें ओढलें तों मागची भिंत कोपऱ्यापासून हातभर काळी पडलेली. बुरशी होती ती, आणि बाळाचा पाळणा तेथून दोन हातांवर होता.

घर भाड्याचें. हवा वेळेवर खेळती ठेवण्याची जबाबदारी भाडेकरूची, असें करारांत लिहिलेलें होतें. तेव्हां भिंत खरवडून रंगविण्याचा खर्च आमच्याकडे आला. जांवयांनीं तो एका शब्दानें न बोलता भरला. लेक बोलली असती तर बरें वाटलें असतें.

सुईणीनें मला समजावलें तें एका पाण्याच्या पेल्यानें. थंड पाणी भरलेल्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो ना? तसाच तो भिंतीला सुटतो. माणसांचा श्वास, स्वयंपाक, न्हाणें, ओले कपडे यांनीं घरच्या हवेंत दिवसाला कित्येक लिटर पाणी मिसळतें. ऊबदार हवा तें पोटांत धरून ठेवते, आणि बाहेरच्या थंडीनें गारठलेली भिंत लागली कीं सोडून देते. त्यांच्या खिडक्यांना कडेनें रबर असतें. एकदां लावली कीं सुईएवढी फट राहत नाहीं.

मग माझ्या ध्यानांत आलें कीं, चाळीस वर्षें मी जें बंद करीत होतें तें कधीं बंद झालेंच नव्हतें. वडनेरचें आमचें जुनें घर धाब्याचें. दारांच्या फळ्यांत बोटबोट फटी, वर झरोका. सगळें लावून निजलें तरी दिव्याची ज्योत हलत असे. आमचें बंद घर म्हणजे त्यांचें अर्धें उघडें.

त्या रात्रीं मीं लेकीला तिच्या न पाहिलेल्या भावाची हकीकत सांगितली. ती कांहीं बोलली नाहीं. सकाळीं तिनें बाळाला माझ्या मांडीवर दिलें, आम्हां दोघांना दुसऱ्या खोलींत बसविलें, आणि मग आंतली खिडकी उघडली. मी घड्याळाकडे पाहत होतें. पांच मिनिटें फार मोठीं असतात.

जर्मन लोक वाऱ्याला भीत नाहींत असें मात्र कोणीं समजूं नये. एकदां ट्राममध्यें समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या होत्या, तर माझ्या शेजारच्या आजीबाई ‘एस त्सीट!’ म्हणून ओरडल्या आणि मानेला रुमाल गुंडाळूं लागल्या. वारा ओढतो आहे, असा त्याचा अर्थ. मला एकदम माहेरचें माणूस भेटल्यासारखें वाटलें. बाळाची खोली वाऱ्याच्या झोतापासून राखलेली, पण एका अंगानें हवा येईल अशी असावी, असें आपल्या चरकसंहितेच्या शारीरस्थानांतहि सांगितलें आहे. मला तें परत आल्यावर कळलें.

गेल्या पौषांत आमच्याकडे पुतण्याच्या बायकोचें दुसरें बाळंतपण झालें. धाबें आतां गेलें, वर स्लॅब पडला आहे, खिडक्यांना सरकत्या कांचा आहेत. खोलींत जातें तों सर्व कांचा लावलेल्या आणि बाजेखालीं कोळशांची शेगडी धगधगलेली. त्या कोळशांच्या वायूला ना रंग, ना वास. कोंडलेल्या खोलींत निजलेलीं माणसें त्यानें झोपेंतच जातात. मीं शेगडी उचलून ओसरीवर नेली व खिडकी उघडली. थोरल्या जाऊबाई पाठोपाठ आल्याच. “जर्मनीला जाऊन आलीस म्हणून माझ्या नातवाला गारठवतेस होय ग?” शेगडीचें कारण सांगितलें तें त्यांनीं ऐकून घेतलें, ती बाहेरच राहूं दिली. खिडकी मात्र त्यांनीं लावली. त्या देवघरांत गेल्यावर मीं ती पुन्हां चार बोटें सरकवली.