गंडकीच्या पात्रांत

वडील गेल्यावर आम्हां भावांचीं बिऱ्हाडें निरनिराळ्या शहरांत गेलीं आणि देवघरांतील शाळिग्राम कोणीं ठेवावा, असा प्रश्न पडला. रोज तुळस वाहण्याची हमी कोणीच देईना. तेव्हां तो जेथून आला त्या नदीच्याच स्वाधीन करावा, असें ठरलें आणि ती कामगिरी मजकडे आली.

नेपाळांत मुक्तिनाथच्या वाटेवर कागबेनी लागते. येथें काली गंडकीचें पात्र विस्तीर्ण, गोट्यांनीं भरलेलें. दुपारीं दक्षिणेकडून सोसाट्याचा वारा सुटतो, म्हणून आम्ही सकाळींच पात्रांत उतरलों. वाटाड्यानें एक काळा गोटा दुसऱ्यावर आपटला. त्याचीं दोन शकलें झालीं. एकांत वळणावळणाचें चक्र, दुसऱ्यांत त्याचाच ठसा.

हें चक्र वज्रकीट कोरतो, असें आमची आजी सांगे. भूशास्त्र म्हणतें, चक्र कोणीं कोरलेलें नाहीं. तें एका प्राण्याचें घरच आहे. तो प्राणी अमोनाइट, माकुलाचा दूरचा आप्त. येथल्या अमोनाइटांपैकीं ब्लॅनफर्डिसेरास ही प्रजाती सुमारें १४ कोटी ५० लक्ष वर्षांपूर्वीं, ज्युरासिक कालाच्या अखेरीस, टेथिस समुद्रांत नांदत होती. प्राणी वाढे तसतसा तो शंख पुढें वाढवी, मागें पडदा घालून एक एक खोली बंद करी आणि स्वतः शेवटच्या खोलींत राही. मेल्यावर शंख तळच्या चिखलांत रुते. त्याच्याभोंवतीं चिखल घट्ट होऊन गोटा बने. पुढें भारतभूमि आशियाला भिडली, तळ वर उचलला गेला आणि समुद्राच्या जागीं हिमालय उभा राहिला. मुक्तिनाथ आज १२,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे!

आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसाचा, सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. त्याच सुमारास अमोनाइटांचा वंश बुडाला. म्हणजे आमच्या देव्हाऱ्यांतला गोटा घराखालच्या खडकाच्या दुपटीहून जुना.

मीं शाळिग्राम हातीं घेतला. वडिलांच्या रोजच्या स्नानानें, चंदनानें तो तुळतुळीत झाला होता. पात्रांत ठेवला असता तर क्षणभरानें तो मलाही ओळखूं आला नसता. गंडकीला गोट्यांचा तोटा नव्हता. वडिलांच्या हाताखालचा मात्र हा एकच.

तो मीं परत आणला. भाऊ रागावले नाहींत. आतां तो वर्षभर एकेकाकडे असतो. तुळस रोज पडतेच असें नाहीं, परंतु धाकटी पुतणी त्यावरून बोट फिरवून "आंत कोण राहतें?" म्हणून विचारते, तेव्हां मी तिला आजीची गोष्ट सांगतों आणि मग समुद्राचीही.