अमोनियाचा आकडा, सामूची साक्ष

टाकीचं पाणी बदललं आणि काही तासांतच मासे वर येऊन धापा टाकू लागले, ही तक्रार शोभेचे मासे पाळणाऱ्यांमध्ये फार जुनी आहे. ठपका बहुतेक वेळा नळाच्या क्लोरीनवर येतो आणि पुष्कळदा तो खराही असतो. पण क्लोरीन नसलेलं बोअरचं पाणी घालूनही हेच घडतं, तेव्हा कारण नव्या पाण्यात एकट्यानं सापडत नाही. ते जुन्या पाण्यात आधीपासून दबा धरून बसलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की अमोनियाचा आकडा एकटा वाचला तर तो फसवतो. सामू आणि कार्बोनेट क्षारता शेजारी मांडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे काम एकामागून एक दोन गटांचं, असं बराच काळ मानलं जाई. २०१५ साली नायट्रोस्पायरा कुळातले काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्यानं पार पाडतात, हे सिद्ध झालं. या कामाला प्राणवायू लागतो तशी क्षारताही लागते. अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम क्षारता खर्च होते. महिनोन्‌महिने पाणी न बदलता नुसती त्याची घट भरून काढलेल्या टाकीत ही क्षारता संपत जाते आणि सामू घसरतो. तो ६ च्या आसपास आला की जिवाणूंचं काम जवळजवळ थंडावतं आणि अमोनिया साचू लागतो. पाणी मात्र नितळच दिसतं, मासेही खातात-पितात.

ते तगतात, कारण आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम या विद्युतभारित रूपात असतो आणि हे रूप कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही. थेंबांच्या चाचणीत परीक्षानळीतलं पिवळं पाणी हिरवं होतं, तो हिरवेपणा दोन्ही रूपांची बेरीज दाखवतो. समजा, चाचणी लिटरला ४ मिलिग्रॅम सांगते. २५ अंश सेल्सियसला, सामू ६ असताना, त्यातला विषारी अमोनिया ०.००२ मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. आता अर्धं पाणी काढून बोअरचं जड पाणी घातलं आणि सामू ८ वर गेला. एकूण अमोनिया निम्मा, म्हणजे २ मिलिग्रॅम झाला. विषारी भाग मात्र ०.१ च्या वर गेला. चाचणीचा हिरवा रंग फिका झाला आणि विष जवळपास पन्नासपट वाढलं. शिवाय सामूची अशी उडी माशाला स्वतंत्रपणेही सोसत नाही.

यावर कुणी म्हणेल, आमच्या आजोबांनी कसलीही चाचणी न करता सिमेंटच्या हौदात मासे पाळले. पाळले, हे खरंच. पण हौदात पाणी भरपूर, मासे मोजके, वर शेवाळ आणि पाणवनस्पती अमोनिया खाऊन टाकायला हजर, आणि सिमेंटमधून क्षारताही उतरत राही. काचेच्या ४० लिटरच्या टाकीला यातलं काहीच लाभत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग पाणी बदलायचंच नाही का? बदलायचं, नियमानं बदलायचं. दर आठवड्याला थोडं बदललं तर क्षारता भरून निघते, नायट्रेट साचत नाही आणि जुन्या-नव्या पाण्यात अंतरच पडत नाही. दुर्लक्षित टाकी सावरताना मात्र एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक बदलू नये, त्या दिवसांत खाद्य कमी करावं, आणि स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

म्हणून पुढच्या वेळी परीक्षानळी हिरवी झाली, तर बादली उचलण्याआधी दोन्ही पाण्यांचा सामू मोजा: टाकीतल्या आणि बादलीतल्याही.