बहुमत आणि रसिकता

लोकप्रियतेची मोजदाद करून गुणांचा निर्णय होतो काय, हा घरोघरी वडीलधारी आणि तरुण मंडळी यांच्यातील नित्याचा वाद होय. गायनस्पर्धेतील आवडत्या स्पर्धकास मोबाईलवरून मत देणाऱ्या नातवंडांस आजोबा हसतात. परंतु हे खूळ आजचेच, असे समजणाऱ्यांनी किंचित मागे वळून पाहावे, असे आम्हांस वाटते.

जर्मनीतील ‘ब्राव्हो’ नामक किशोरांच्या नियतकालिकाने वाचकांच्या मतांनी आवडते कलावंत निवडून त्यांस ‘ओटो’ नामक पुतळी देण्याचा प्रघात १९५७ साली पाडला. आमच्या मुंबईने हा प्रयोग त्यापूर्वीच केला होता. ‘फिल्मफेअर’ने वाचकांचा कौल मागविला, आणि २१ मार्च १९५४ रोजी धोबीतलावच्या मेट्रो चित्रगृहात पाच पारितोषिके वाटली. संगीताचे पारितोषिक ‘बैजू बावरा’साठी नौशाद यांस मिळाले.

त्याच सुमारास दुसरा एक कौल रेडिओवरून लागत होता. नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर हे अभिजात संगीताचे व्यासंगी. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओची खुंटी सिलोनकडे फिरविली! १९५२च्या डिसेंबरात सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रित करीत. ती कोलंबोस जाई, आणि बुधवारी रात्री तेथून परत गिरगावच्या चाळींत व लालबाग-परळच्या खोल्यांत ऐकू येई. पुढे तबकड्यांचा खप आणि श्रोतासंघांची पसंती पाहून गीतांचा क्रम ठरू लागला. अखेर ऑक्टोबर १९५७मध्ये सरकारलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. रुची हुकुमाने घडत नाही, हा यातील बोध वडीलधाऱ्यांसाठी आहे.

तरुणांसाठीही एक बोध आहे. वाचकांच्या त्या पहिल्या कौलात पार्श्वगायकांस स्थानच नव्हते. ‘चोरी चोरी’च्या संगीतास पारितोषिक मिळाले, तेव्हा समारंभात त्यातील गीत गाण्याची लताबाई मंगेशकरांस विनंती करण्यात आली. गायकास पारितोषिक नसेल तर आपण गाणार नाही, असे त्यांनी सांगितले. १९५९ साली ते पारितोषिक निर्माण झाले, आणि ‘मधुमती’तील गीतासाठी पहिल्या मानकरी लताबाईच ठरल्या. देशभर ज्यांचा स्वर घुमत होता, त्यांचा विसर हजारो मतांनाही पडावा! याचे कारण उघड आहे. मत हे विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. प्रश्नच अपुरा असेल तर उत्तर पुरे कोठून यावे?

‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत कालिदासाने सूत्रधाराच्या मुखाने हेच सुचविले आहे. जुने म्हणून सारे चांगले नव्हे, नवे म्हणून त्याज्य नव्हे. सुज्ञ स्वतः पारखून घेतो, आणि मूढ दुसऱ्याच्या बुद्धीने चालतो. ही दुसऱ्याची बुद्धी मंत्र्याची असो वा लक्षावधी मतदारांची, परावलंबन ते परावलंबनच.

म्हणून सुज्ञ वाचकांस आमची एवढीच विनंती: घरातील मुलाने कोणास मत दिले म्हणून त्यास रागावू नये. ते गाणे त्याच्याबरोबर बसून ऐकावे, आणि त्यात काय आवडले, एवढे विचारावे. स्वर, शब्द, लय यांपैकी एकाचे जरी नाव त्याला घेता आले, तरी रसिकतेचा श्रीगणेशा झाला असे समजावे.