वरातीमागचं घोडं

घोडं मागं का राहिलं असेल? म्हणीत त्याचा खुलासा नाही. वरात पुढं गेली, घोडं मागून आलं, लोक हसले, एवढ्यावर म्हण मोकळी होते. पण ज्याच्यासाठी घोडं सांगितलं होतं तो नवरदेव तेवढा वेळ काय करत होता? पायी चालला? मेव्हण्याच्या खांद्यावर बसला? घोडेवाल्याला ठरलेले पैसे मिळाले का? हे प्रश्न काही दिवसांपासून माझ्या मागं लागलेत, आणि दर वेळी ते घोडं चालत चालत जाऊन थांबतं ते पॉल गोन्साल्विस नावाच्या एका सॅक्सोफोनवाल्यापाशी.

७ जुलै १९५६, शनिवारची रात्र. अमेरिकेतलं न्यूपोर्ट हे समुद्रकाठचं, श्रीमंतांच्या बंगल्यांचं गाव. तिथल्या जॅझ महोत्सवाचं तिसरं वर्ष होतं. ड्यूक एलिंग्टनला तेव्हा पडते दिवस आले होते. मोठमोठ्या बँडांचा जमाना ओसरला होता. त्या रात्री सुरुवातीला त्याच्या ताफ्याकडून थोडंसं वाजवून घेतलं आणि मग त्यांना बसवून ठेवलं. पुन्हा बोलावलं तेव्हा मध्यरात्र होत आली होती, लोक उठून घराकडे निघाले होते. एलिंग्टननं १९३७ साली बांधलेल्या एका रचनेचे दोन तुकडे काढले आणि दोहोंच्या मधली मोकळी जागा ताफ्यातल्या गोन्साल्विसच्या हवाली केली. वाजव, वाटेल तितकं. बारा बारचं एक आवर्तन, साधा ब्लूज. गोन्साल्विसनं अशी २७ आवर्तनं घेतली. म्हणजे ३२४ बार, एका दमात म्हणावीत अशी. मधेच कधीतरी काळ्या पोशाखातली, सोनेरी केसांची एक बाई खुर्चीतून उठून नाचायला लागली. स्टेजच्या कडेला काउंट बेसीकडचा जुना ड्रमवाला जो जोन्स गुंडाळलेलं वर्तमानपत्र आपटत ठेका धरून बसला होता. घराकडे निघालेले लोक परत फिरले, खुर्च्यांवर चढले. दंगा होईल की काय म्हणून आयोजक धास्तावले. पुढच्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन झळकला, आणि आपला जन्म १९५६ साली न्यूपोर्टला झाला असं तो नंतर गमतीनं सांगत असे.

इथवर सगळं छान आहे. घोडं पुढं येतं.

त्या रात्री गोन्साल्विस भलत्याच माइकसमोर उभा राहिला. रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबिया कंपनीचा माइक वेगळा, शेजारचा ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ रेडिओचा माइक वेगळा. हा डोळे मिटून वाजवत राहिला रेडिओच्या माइकमध्ये. कंपनीच्या टेपवर तो पुसट, लांबून आल्यासारखा. शिवाय खास महोत्सवासाठी बांधलेली नवी रचना एलिंग्टनला मनासारखी वठली नव्हती. म्हणून सोमवारी सगळे स्टुडिओत जमले, बराचसा भाग पुन्हा वाजवला आणि त्यावर टाळ्या चिकटवल्या. ती रेकॉर्ड ‘न्यूपोर्टमधला एलिंग्टन’ म्हणून जगभर गेली. त्याच्या साऱ्या रेकॉर्डांमध्ये सगळ्यात जास्त खपली. १९९६ साली रेडिओची जुनी टेप सापडली आणि दोन्ही टेपा एकमेकींना जुळवून १९९९ साली खरी मैफल बाजारात आली. शनिवारी वरात, सोमवारी घोडं, आणि ४३ वर्षं लोक घोड्यालाच हार घालत होते.

मीही त्यातलाच. आदिलाबादला आमच्याकडे रेडिओ होता, आणि रात्री शॉर्टवेव्हवर विलिस कोनोव्हरचा जॅझचा तास लागायचा. सावकाश, एकेक शब्द पायरीवर ठेवल्यासारखं त्याचं इंग्रजी. हेही ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चंच, हे विशेष. शॉर्टवेव्हचा आवाज मुळातच चढायचा, उतरायचा, मधे पेइचिंग का मॉस्को घुसायचं. त्यामुळं एलिंग्टनच्या रचनेतला चढउतार कुठला आणि आयनांबराची कृपा कुठली, हे मला कैक वर्षं कळलं नव्हतं. पुढं रेकॉर्ड ऐकली तेव्हा काटा आला. टाळ्या खोट्या होत्या हे त्याच्या फार नंतर वाचलं. काटा तर खराच आला होता. आता त्याचं काय करायचं?

एक सोपं उत्तर असं की प्रत्यक्ष ऐकलं ते खरं, बाकी सगळं वरातीमागचं. उत्तर मला आवडतं, पण वरात म्हटली की मला जी आठवते ती वेगळंच काही सांगते.

पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे, किनवट, पांढरकवडा, बेला, जैनद या पट्ट्यात वरातीला बँड यायचा. एक क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, एक पोटभर युफोनियम, साइड ड्रम, खुळखुळा. अंगात सोनेरी झालरीचा लाल कोट, पायात रबरी चपला. दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया, ज्यांच्याकडे कुणीच बघायचं नाही. ट्रम्पेटवाल्याचे गाल फुगून कानापर्यंत पोचायचे. दोन कडव्यांच्या मधे तो वाद्य खाली करून आतली थुंकी रस्त्यावर झटकायचा आणि कोटाच्या बाहीनं ओठ पुसायचा. गाणं किती वेळ वाजवायचं हे ठरलेलं नसे. नवरदेवाचा मित्र दहाची नोट ओवाळून दातात धरायचा, ड्रमवाला ती आपल्या दातांनी ओढून घ्यायचा, आणि मुखडा पुन्हा. नोटा संपल्या की गाणं संपलं. नोटा असल्या की ‘नागिन’ची बीन मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत. त्यातलं कितवं आवर्तन चाललंय हे कुणी मोजलं नाही. न्यूपोर्टला तरी ते आधी कुठं ठरलं होतं? २७ हा आकडा मागून कुणीतरी टेप ऐकून मोजलेला. तिथं नोटांच्या जागी ती काळ्या पोशाखातली बाई होती, एवढाच फरक.

आणि ही मंडळी वाजवत काय? ‘नागिन’ खालोखाल ‘अलबेला’. म्हणजे सी. रामचंद्र, आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, पडद्यावर भगवानदादा, आणि ट्रम्पेटवर, वाद्यमेळ बसवण्यात, गोव्याचा चिक चॉकलेट. घरचं नाव आंतोनियो झेवियर वाझ. लुई आर्मस्ट्राँगवर इतका जीव की लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणत. १९३५ साली लिऑन ॲबीचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात येऊन वाजवू लागला, मागून आणखी काळे वादक आले, आणि चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईला आलेली गोव्याची पोरं त्यांच्याकडून ती चाल उचलू लागली. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, रात्री हॉटेलात. ‘अलबेला’ १९५१ चा. तिथून ती चाल आमच्या लाल कोटवाल्याच्या ट्रम्पेटात केव्हा शिरली कुणास ठाऊक. त्यानं जॅझ हे नावही ऐकलेलं नसणार. म्हणजे आदिलाबादेत जॅझ प्रत्यक्ष वाजला, तो मी रेडिओ लावायच्या आधी, आमच्या दारावरून, गॅसबत्तीच्या उजेडात. मी त्या वेळी गच्चीवर होतो, बुंदीचे लाडू कुठं ठेवलेत याच्या शोधात.

गोन्साल्विस हे नावही गोव्याचंच वाटतं ना? आपल्याकडे अँथनी गोन्साल्विस होते, मजोर्ड्याचे, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे, ज्यांचं नाव पुढं ‘अमर अकबर अँथनी’त अमर झालं. सॅक्सोफोनवर ब्राझ गोन्साल्विस. पॉलचे आईवडील मात्र केप व्हर्दचे, आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या बेटांवरचे. राज्य पोर्तुगीजांचंच, म्हणून आडनाव एक. १९६३ साली एलिंग्टनचा ताफा भारतात आला, मुंबईत वाजवून गेला. पॉल त्या ताफ्यात होता. धोबी तलावाच्या एखाद्या गोन्साल्विसनं त्याला गाठून ‘तू आमचाच’ म्हटलं असेल असं मला राहून राहून वाटतं. आधार काही नाही, पण वाटतं.

घोड्याकडे यायला हवं. न्यू ऑर्लिन्सला, जिथं या सगळ्याचं मूळ सांगतात, प्रेतयात्रेपुढं बँड असतो. जाताना संथ, दफन झाल्यावर उडतं. बँडच्या आणि घरच्यांच्या मागून जे लोक नाचत, छत्र्या नाचवत येतात त्यांना सेकंड लाइन म्हणतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं, मेलेला माणूस त्यांचा कुणी लागत नसतो, आणि खरा नाच त्यांचाच असतो. तिथल्या माणसाला आपली म्हण सांगितली तर तो विचारेल, घोडं मागं होतं, मग त्यात हसण्यासारखं काय? मागंच तर मजा असते. मग माझ्या सोप्या उत्तराचं काय उरतं? ज्यांच्यासाठी वाजवलं ते पुढं, ऐकणारे मागं; उशिरा कोण आलं ते ठरवायचं कसं?

आता एक गोष्ट जी मला खरोखर टोचते. प्रत्यक्ष हजर राहून ऐकायचंच म्हटलं तर आदिलाबादला त्याची वाण कधीच नव्हती. मामा उटनूरच्या बाजूला शाळामास्तर होते आणि एका दिवाळीत ते मला स्कूटरवर बसवून दंडारीला घेऊन गेले. राजगोंडांची दंडारी म्हणजे एका गावानं दुसऱ्या गावाकडे पाहुणा म्हणून जायचं, यजमानांनी जेवू घालायचं, रात्रभर नाचायचं. सोयरिकीसुद्धा तिथंच जुळतात. ढोल, तुडुम, पेप्रे. गुस्साडी म्हणून नाचणाऱ्याच्या डोक्यावर मोरपिसांचा एवढा थोरला टोप, त्यात आरसे लावलेले, हरणाची शिंगं; अंगाला राख, तोंडावर खोटी दाढी, खांद्यावर कातडं, हातात काठी. मला हे सगळं माहीत आहे, पण आठवत नाही. माहीत झालं ते नंतर, मार्लवाईचे गुस्साडी नाचणारे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा छापून आलेल्या फोटोंवरून. २०२४ साली ते गेले. तेव्हा पुन्हा फोटो आले, पुन्हा पाहिले. त्या रात्रीचं मला आठवतं ते एवढंच की दिवाळीच्या नव्या चपला कुणी नेऊ नये म्हणून मी त्यांच्यावर बसलो होतो, आणि डाव्या चपलेचं बक्कल मांडीला रुतत होतं. ठेका एक आठवत नाही. मामा शेजारच्या एका म्हाताऱ्या परधानाशी मराठीत बोलत होते हे आठवतं. पुढं कळलं की किंगरीवर गोंडांच्या कुळकथा गाणारे आपल्याकडचे अनेक परधान घरात मराठी बोलतात आणि कथा गोंडीत गातात. त्या म्हाताऱ्यानं त्या रात्री गायलं का? गायलं असेल तर माझ्यापासून चार हातांवर.

हिशेब असा होतो. जिथं मी नव्हतो तिथल्या २७ आवर्तनांतल्या कितव्याला लोक ओरडले ते मला सांगता येतं, तेही निम्म्या खोट्या रेकॉर्डच्या आधारानं. जिथं होतो तिथलं बक्कल. यातली माझ्या आयुष्यातली संस्मरणीय मैफल कुठली? न्यूपोर्ट म्हणावं तर मी गेलेलो नाही. दंडारी म्हणावं तर मी ऐकलेली नाही. बरं, त्या रात्री न्यूपोर्टच्या मैदानातही एखादा पोरगा बापाबरोबर आला असेलच, ज्याला आयुष्यभर फक्त ओल्या गवतात भिजलेले मोजे आठवले. त्यालाही लोक विचारत असतील, काय रे, तू होतास ना? आणि तो ‘हो हो, काय वाजवलं!’ म्हणत असेल. मीही दंडारीचं असंच सांगत आलोय. पाहुण्यांपुढं तर फारच रंगवून.

अलीकडे मी १९९९ ची खरी आवृत्ती मिळवून ऐकली. गोन्साल्विस समोर उभा, स्वच्छ, लोकांचा आरडाओरडा खरा. दोनदा ऐकली. नंतर जुनी, सोमवारच्या टाळ्यांची लावली. मला जुनीच बरी वाटते, आणि हे जॅझच्या दर्दी माणसाजवळ बोलायची सोय नाही.

मराठी वाचकांत मात्र एक माणूस नक्की असणार ज्याची मला गरज आहे. १९७८ साली मुंबईत निरंजन झवेरींनी पहिली जॅझ यात्रा भरवली, धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्यावर. तिथं सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला; त्याच्या आधी दहाएक वर्षं हाच माणूस पवईच्या आश्रमात ध्यान शिकायला येऊन राहिला होता. रंगभवनातले जलसे पुढं आवाजाच्या नियमांमुळं बंद पडले. त्या रात्री तुम्ही तिथं असाल, आज सत्तरीच्या घरात असाल, तर मला एक पत्र लिहा. रोलिन्सनं काय वाजवलं ते सांगितलं नाहीत तरी चालेल. शेजारी कोण बसलं होतं, परतीची कितीची लोकल पकडायची होती, आणि वादन चालू असताना तुमचं लक्ष नेमकं कशात होतं, तेवढं लिहा.